‘आजवर काही काम निघालं नाही’

(कराडमधल्या एका गॅरेजमालकांनी वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, जुनी गाडी बघायला गेलं की पहिल्या पाच मिनिटांत विकणारा एक वाक्य हमखास टाकतो. ‘आजवर गाडीनं काही काम काढलं नाही.’ ते ऐकून घेणाऱ्याचा चेहरा खुलतो. मी २८ वर्षं गॅरेज चालवतोय. हे वाक्य कानावर पडलं की मी बॉनेट उघडायच्या आधीच सावध होतो.

हिशेब करून बघा. दहा-बारा वर्षांची डिझेल एसयूव्ही, दीड लाख किलोमीटर पळालेली. एवढ्यात क्लच प्लेट झिजते, सस्पेन्शनचे बुश फाटतात, शॉकअप गळतात, रेडिएटरचे पाइप कडक होऊन चिरतात, बॅटऱ्या तर दोन-तीन होतातच. यातलं काहीच निघालं नसेल, तर ती सगळी कामं थकलेली आहेत, घरपट्टी थकते तशी. आणि आरसीवर तुमचं नाव चढलं की थकबाकीही तुमचीच.

लोक विचारतात, स्कॉर्पिओ घेऊ, एक्सयूव्ही ५०० घेऊ, डस्टर घेऊ की ब्रेझा? नवी घेताना हा प्रश्न बरोबर आहे. पण चाकणच्या कारखान्यातून एकाच दिवशी बाहेर पडलेल्या दोन एक्सयूव्ही ५०० बारा वर्षांनी चुलत बहिणीसुद्धा वाटत नाहीत. एक बँकेतल्या साहेबांकडे राहिलेली असते, दुसरी ठेकेदाराकडे, खाणीच्या रस्त्यावर. मॉडेलची माहिती उपयोगी पडते ती काय विचारायचं हे कळण्यापुरती. डस्टर आपल्याकडे २०१२ मध्ये आली. तिच्या दीड लिटर डिझेल इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा पट्टा. २०१६ मध्ये आलेल्या ब्रेझाच्या १.३ डिझेलला चेन आहे. बेल्ट रबराचा, तो ठरलेल्या किलोमीटरला किंवा ठरलेल्या वर्षांना बदलावाच लागतो. तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात आणि हेड उतरवायची पाळी येते. म्हणून डस्टरवाल्याला पहिला प्रश्न, ‘बेल्टचं बिल आहे का?’ नसेल तर बदललाच नाही असं धरा आणि तो खर्च किमतीतून वजा करा. स्कॉर्पिओ किंवा जुनी सफारी असेल तर तिच्या खाली चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा असतो. चटई टाकून आडवं व्हायचं आणि टॉर्चच्या उजेडात ती चासी पुढून मागपर्यंत बघायची, वेल्डिंगचा डाग दिसतो का, पापुद्रे सुटलेत का. रत्नागिरी-सिंधुदुर्गात राहिलेली गाडी असेल तर दोनदा बघायची. खारी हवा पत्र्याला सोडत नाही. पँट मळेल, मळू द्या.

आता इंजिन. गाडी बघायला सकाळी जायचं आणि आदल्या दिवशी फोनवर सांगायचं, ‘मी येईपर्यंत चालू करू नका.’ गेल्यावर नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा आणि दुसऱ्या दिवशी परत जा. थकलेलं इंजिन गरम झाल्यावर शहाण्यासारखं वागतं, त्याचं खरं रूप थंड असताना दिसतं. सेल (स्टार्टर) किती वेळ मारावा लागतो, पहिल्या अर्ध्या मिनिटात पुढून चेनचा खडखडाट येतो का, धूर कसला आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थंडीत क्षणभर दिसला तर चालेल, पण इंजिन तापल्यावरही येत राहिला आणि कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी उतरत असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्या.

मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडायचं. हलकीशी वाफ सगळ्याच जुन्या डिझेलना येते, घाबरायचं कारण नाही. पण कुकरच्या शिट्टीसारखा भपकारा धक्के देत बाहेर येत असेल, सैल ठेवलेलं झाकण उडत असेल, तर आमच्या भाषेत इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय. पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, दाब खाली ऑइलमध्ये उतरतोय. याला सर्व्हिसिंगनं उतारा पडत नाही, इंजिन खोलावं लागतं. अशा गाडीची किंमत मागे लागलेला खर्च धरून ठरवायची किंवा सरळ सोडून द्यायची.

कूलंटची बाटली मात्र मी सगळ्यात जास्त वेळ बघतो. ती काही फार मोठी वस्तू नाही. काही हजारांचं काम वाचवायचं म्हणून लोक वर्षानुवर्षं तिच्यात बोअरचं पाणी ओततात. आपल्या भागातलं बोअरचं पाणी तुम्हाला ठाऊक आहे, घरातल्या हीटरच्या कॉइलवर किती क्षार धरतात. तेच रेडिएटरच्या नळ्यांत धरतात. गावात फिरताना तापमानाचा काटा जागेवर राहतो आणि मे महिन्यात सात माणसं भरून, एसी लावून कुंभार्ली घाट चढायला घेतला की काटा वर सरकायला लागतो. बाटलीत हिरवं, गुलाबी जे असेल ते रंगीत आणि स्वच्छ दिसलं, तर त्या मालकानं न दिसणाऱ्या जागीही पैसे खर्च केले असतील असा माझा अंदाज असतो. गंजाचं तांबूस पाणी दिसलं की पुढचं तपासायला मला उत्साह राहत नाही.

आमच्या ओळखीचे एक गुरुजी आहेत. २०२० च्या हिवाळ्यात ते एका विक्रेत्याकडची सात सीटर दाखवायला मला घेऊन गेले. ‘मिस्त्री, बघा तरी, सीट कव्हरंसुद्धा नवी टाकलीत.’ आठ वर्षांची गाडी, पॉलिश मारून आरशासारखी. चालू केली तर इंजिनही गोड. विक्रेता म्हणाला, ‘आजवर काही काम निघालं नाही, मालक.’ गुरुजींचा हात खिशाकडे गेलेला.

मी मागच्या सीटवर बसलो आणि सीटबेल्ट ओढत गेलो. रोजच्या वापरात बेल्ट पूर्ण बाहेर कुणी काढत नाही, शेवटचा हात-दीड हात पट्टा कायम रिळातच गुंडाळलेला असतो. तो बाहेर आला आणि त्यावर मातकट रेघ दिसली, चहाच्या बशीला ओघळ वाळतो तशी. पट्ट्याच्या विणीत बारीक गाळ. नखानं खरवडला तर भुकटी पडली. मग स्टेपनीच्या खाचेत बघितलं, कोपऱ्यात तोच गाळ. सीट ज्या रुळावर सरकते त्या रुळावर तांबूस गंज. डॅशबोर्डखाली डोकं घालून एक कनेक्टर सोडवला तर आत पितळेला हिरवं चढलेलं. विक्रेता म्हणाला, ‘पावसात काच उघडी राहिली होती.’ अहो, उघड्या काचेतून पाणी येईल, नदीचा गाळ नाही येणार.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं, २०२१ च्या जुलैत चिपळूण. त्या पाण्यात किती गाड्या उभ्या होत्या हे इथल्या माणसाला सांगायला नको. विमा असलेली गाडी पूर्ण बुडाली की कंपनी पैसे देऊन मोकळी होते, गाडी भंगाराच्या भावात लिलावात जाते. कुणीतरी ती वाळवतं, धुतं, कव्हरं बदलतं आणि लांबच्या जिल्ह्यात उभी करतं. इंजिन खोलून साफ करता येतं. वायरिंगचे शेकडो सांधे साफ होत नाहीत. सहा महिन्यांनी एबीएसचा दिवा लागतो, मग एक काच खाली उतरत नाही, मग गाडी रस्त्यात बंद पडते आणि कारण कुणालाच सापडत नाही. गंमत बघा, त्या विक्रेत्याचं वाक्य खोटं नव्हतं. काम अजून निघालेलं नव्हतंच.

अपघाताची गाडी ओळखायला तुलनेनं सोपी. दाराच्या चौकटीवरची रबरी पट्टी हातानं ओढून काढा, ती परत बसते. खाली पत्र्याच्या कडेला कारखान्यातल्या स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके दिसतील, साधारण सारख्या अंतरावर. एका बाजूला ठिपके आहेत आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत लांबी (पुट्टी) भरलीय, तर ती बाजू कापून जोडलेली आहे. बंपर बदलला, दार रंगवलं, त्याचं मी फार मनावर घेत नाही. पुण्या-मुंबईत राहिलेल्या गाडीला एवढं लागणारच. पण चौकट आणि पुढची चासी यांत तडजोड नाही, घरची माणसं बसायची आहेत तिच्यात.

विम्याची पॉलिसीही मागून घ्या आणि नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, रकाना बघा. पहिल्या बिनक्लेमच्या वर्षाला २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे तो तुम्हाला मिळायचा नाही, पण वाचायला तर मिळतो. एकाच मालकाकडे दहा वर्षं असलेल्या गाडीला शून्य दिसलं तर विचारा, गेल्या वर्षी काय झालं होतं? विमा मध्ये खंडित झाला असेल तरी शून्य होतो. उत्तर देताना माणूस कुठे बघतो तेही बघा.

मीटर मागे फिरवलेला असतो हे गृहीत धरूनच चाला. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०१३ ची, मीटरवर ४२ हजार आणि टायर २०२१ चे, तेही निम्मे झिजलेले. काहीजण नुसत्या वयानं टायर बदलतात, मान्य. पण सोबत क्लच पेडलचं रबर गुळगुळीत आणि ड्रायव्हर सीटची कड बसलेली असेल तर मीटरला विसरा.

कागदांचं थोडक्यात सांगतो, कारण ते एजंटही सांगेल. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षं वाढते. २०१२ ची गाडी घेताना हे डोक्यात ठेवा. कर्जाचा बोजा उतरलाय का आणि ई-चलनं किती बाकी आहेत, दोन्ही मोबाइलवर दिसतं. दिल्लीच्या गाड्या स्वस्त मिळायच्या, कारण हरित लवादाचा २०१५ चा आदेश आणि २०१८ मध्ये त्यावर सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब, यामुळे २०२५ पर्यंत तिथं दहा वर्षांवरचं डिझेल चालवता येत नव्हतं. गाडी वाईटच असेल असं नाही. पण एनओसी, इथला रोड टॅक्स, नवा नंबर हे सगळं धरून भाव लावा. आणि तिचा जुना मिस्त्री तुम्हाला भेटणार नाही, हा तोटा मला सगळ्यात मोठा वाटतो.

आपल्या गुरुजींना पुढे साताऱ्यात एक गाडी मिळाली. २०१४ ची, एक लाख ६८ हजार पळालेली. विकणारे निवृत्त गृहस्थ. त्यांनी आतून कापडी पिशवी आणली आणि ओशाळून म्हणाले, ‘खर्च बराच झालाय हो हिच्यावर.’ पिशवीत बिलं. एक लाख १२ हजार किलोमीटरला क्लच, मग रेडिएटर, लोअर आर्म दोनदा, इंजेक्टरचं काम, दरवर्षी कूलंट. गुरुजींनी मला बाजूला घेतलं. ‘मिस्त्री, ही तर सारखी आजारी असते.’ मी म्हटलं, गुरुजी, विसार द्या आणि पिशवी विसरू नका.

तीन वर्षं झाली. एकदा अल्टरनेटर गेला, एकदा मागचे बुश टाकले. आता क्लच जड लागायला लागलाय. दिवाळीच्या आधी तो उतरवावा लागेल, गुरुजींना मी सांगून ठेवलंय.