गुरुवारी तीन ते पाच

पुण्यातल्या या कॉलेजात गुरुवारी दुपारी तीन ते पाच एकही लेक्चर नसतं, प्रॅक्टिकल नसतं. टाइमटेबलवर त्या चौकोनात नुसतं 'हॉल' असं लिहिलेलं असतं, म्हणजे हॉलमध्ये कोणीतरी पाहुणा येऊन बोलतो नाहीतर गातो. ज्याला यायचंय त्याने यायचं, नाहीतर कँटीन आहे, टेकडी आहे, कोणी विचारत नाही. अटेंडन्स नाही, मार्क नाहीत, सर्टिफिकेट तर नाहीच नाही. तरी हॉल भरतो, खुर्च्या संपल्या की पोरं पुढे सतरंजीवर मांडी घालून बसतात.

आणि कशाला भरतो बघा. एका गुरुवारी भूगर्भशास्त्राच्या मॅडम आल्या, पिशवीतनं चार दगड काढले आणि रांगेत फिरवायला दिले. आपण रोज ज्या टेकडीवर चढतो तिचा हा काळा दगड म्हणजे बसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचत गेले आणि त्यातनं दख्खनचं पठार झालं. लाव्हा थंड होताना आत वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांमध्ये मागाहून पांढरे स्फटिक तयार झाले, ते झिओलाइट. कॉमर्सची पोरं मोबाइलचा टॉर्च लावून त्या पोकळीत बघत होती. त्यांच्या सिलॅबसमध्ये हे कधीच येणार नव्हतं.

पुढच्या आठवड्यात शाहीर. पावसाळी हवेत डफाचं कातडं सैल पडतं, आवाज बसतो, म्हणून कार्यक्रमाआधी हॉलच्या मागे डफ शेकायचं काम चाललेलं. तुणतुणं सूर धरून ठेवतं, झांज ताल देते, आणि शाहिराने ओळ टाकली की मागचे झीलकरी ती उचलतात, "जी जी रं जी" तिथनंच येतं. शाहिरांनी दोन कडवी म्हटली आणि थांबले, म्हणाले आता झील तुम्ही धरायची. पहिल्यांदा नीट जमलं नाही, पण तिसऱ्या वेळेला अख्ख्या हॉलने धरली आणि शाहिरांनी लय वाढवली. पोवाडा मैफलीसारखा गप्प बसून ऐकायचा नसतो, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

पण मला विचाराल तर सगळ्यात मोठा गुरुवार तो पानशेतच्या आजींचा. १२ जुलै १९६१ ला बांधकाम चालू असलेलं पानशेत धरण फुटलं, ते पाणी खडकवासल्याच्या धरणाला झेपलं नाही, तेही फुटलं, आणि मुठा नदीचं पाणी पुण्यात नारायण पेठेत, शनिवार पेठेत घुसलं. आजी तेव्हा शाळेत होत्या. त्या कागद न घेता बोलल्या, घरात पाणी कुठवर आलं, नंतर भिंतींवर गाळाची रेघ किती दिवस दिसत होती, धान्य कसं कुजलं, कोणाकडे राहायला गेलो. गोखलेनगरसारख्या वसाहतींमध्ये पूरग्रस्तांची सोय झाली हे नव्या पुण्यात आलेल्या पोरांना ठाऊकच नव्हतं.

मग प्रश्न. मागनं एक मुलगी उठली, होस्टेलवर राहणारी, सांगलीची. म्हणाली, "आजी, २०१९ ला आमच्या घरातपण पाणी होतं. तुमच्या आईने परत घर लावायला सुरुवात कुठनं केली?" आजी म्हणाल्या, "बाळ, तू आधी पुढे ये, इथे बस." आणि पुढचा अर्धा तास कार्यक्रम त्या दोघींचाच झाला. चुलीपासून सुरुवात, मग कागदपत्रं वाळवणं, मग अंथरुणं. सूत्रसंचालन करणारा मुलगा शहाणा, त्याने माइक खाली ठेवला आणि मध्ये पडला नाही.

आता पुण्याला असं बसून ऐकणं नवीन नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती २१ एप्रिल ते २० मे अशी ठरलेल्या तारखांना होत आली, म्हणून उन्हाळा आला की लोकांना जाहिरात न बघता माहीत असतं. त्याच रानड्यांच्या १०१ व्या जयंतीला, १८ जानेवारी १९४३ ला, डॉ. आंबेडकर गोखले मेमोरियल हॉलमध्ये बोलले आणि ते भाषण 'रानडे, गांधी आणि जिना' म्हणून छापलं गेलं, आजही लोक वाचतात. कॉलेजच्या पोरांना स्टेज द्यायची पद्धतही इथली, पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून आहे. पण स्पर्धेत सगळं लक्ष आपल्या नंबरावर असतं, दुसऱ्याचं निवांत ऐकायला वेळ कुठे असतो? तो वेळ हा गुरुवार देतो.

एक गोष्ट इथे फार चांगली सांभाळतात, मानधन. बऱ्याच ठिकाणी कलाकाराला शाल, नारळ, गुच्छ देतात आणि पैशाचं नंतर बघू म्हणतात, हे बरोबर नाही, साथीदारांचा दिवस बुडालेला असतो, येण्याजाण्याचा खर्च असतो. इथे आकडा बोलावतानाच ठरतो आणि पाकीट त्याच संध्याकाळी हातात जातं. प्रश्नांचा नियमही पक्का, पहिले प्रश्न विद्यार्थ्यांचे, मग बाहेरून येणाऱ्या काका-काकूंचे, आणि प्रश्न विचारताना भाषण करायचं नाही.

दर जूनमध्ये टाइमटेबल लागताना कुठलंतरी डिपार्टमेंट म्हणतंच, हे दोन तास आम्हाला द्या, पोर्शन राहतोय. त्यांची अडचण खरी आहे. पण हे तास देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. सवय वारावर बसलेली असते, एकदा शनिवारी ढकललं, एकदा सबमिशनमुळे रद्द केलं, की पोरं यायची थांबतात, आणि मग कितीही मोठं नाव बोलावलं तरी पहिल्या दोन रांगांत फक्त स्टाफ बसतो. यावर्षी प्राचार्यांनी टाइमटेबल कमिटीला सांगितलंय, गुरुवार आधी लिहा, बाकीचं त्याच्याभोवती बसवा.

पुढच्या गुरुवारी गोंधळी येतायत, संबळ घेऊन. बाहेरच्यांनाही प्रवेश आहे, फक्त तीनच्या आधी या, गण, म्हणजे सुरुवातीचं गणपतीचं स्तवन, सुरू झाला की दार लावतात.