लाल पट्टीवाले पोलीस

नमस्कार मंडळी, रोमला किंवा मिलानला कधी गेलात ना तर रस्त्यावर दोन तऱ्हेचे पोलीस दिसतील, एक साधे आणि दुसरे काळ्या पँटला बाजूने लाल पट्टी अन् टोपीवर ज्वाळेचा बिल्ला असलेले. हे दुसरे म्हणजे काराबिनिएरी, आणि हे खरं तर सैनिकच.

१८१४ ची गोष्ट. नेपोलियनचा जोर संपला, सार्डिनियाचा राजा व्हित्तोरिओ एमान्युएले पहिला परत आपल्या राजधानीत, तुरिनला आला आणि १३ जुलैला त्याने हे दल उभं केलं. कार्बाइन बंदूकवाले म्हणून काराबिनिएरी. काम दुहेरी, गावात चोर पकडायचे आणि फौजेत शिस्त बघायची. आजही तसंच आहे, सैनिकी कामात संरक्षण मंत्रालय, कायदा-सुव्यवस्थेत गृह मंत्रालय. २००० साली लष्कर, नौदल, हवाई दलाच्या बरोबरीचं स्वतंत्र दल झालं.

यांचं ब्रीद आहे 'शतकानुशतकं निष्ठावंत'. पण निष्ठा नेमकी कोणाशी? मुसोलिनीच्या काळात वीस वर्षं हेच दल त्याच्या सरकारची चाकरी करत होतं, ते विसरून चालणार नाही. मग २५ जुलै १९४३ ला इटलीच्या राजाने मुसोलिनीला पदावरून काढलं आणि त्याला अटक करून अँब्युलन्समधून नेलं तेही याच काराबिनिएरींनी! सप्टेंबरमध्ये इटलीने दोस्त राष्ट्रांपुढे शस्त्रं खाली ठेवली आणि तोवर साथीला असलेल्या जर्मन फौजेने रोम ताब्यात घेतलं.

रोमजवळ पालिदोरो म्हणून गाव आहे. तिथे दारूगोळ्याच्या पेट्या तपासताना स्फोट झाला, जर्मन सैनिक मेले, आणि हा घातपातच असं धरून त्यांनी २२ गावकऱ्यांना उचललं, त्यांच्याकडूनच खड्डा खणून घेतला. साल्वो दाक्विस्तो नावाचा काराबिनिएरी, तेविशीलाही काही दिवस कमी होते त्याला, तो आधी समजावत राहिला की हा अपघात आहे हो, कोणी ऐकेना, तेव्हा म्हणाला मी केलंय, एकट्याने. गावकरी सुटले. त्याला तिथेच गोळ्या घातल्या, २३ सप्टेंबर १९४३. मला हे सांगताना आजही भरून येतं.

पुढे ७ ऑक्टोबरला जर्मनांनी रोममधल्या दोन हजारांहून जास्त काराबिनिएरींची हत्यारं काढून घेऊन त्यांना छावण्यांत धाडलं, आणि नऊच दिवसांनी शहरातल्या ज्यूंची धरपकड सुरू झाली. आपल्या मराठा पलटणीचे यशवंत घाडगे पुढच्या वर्षी त्याच इटलीत लढताना गेले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले, म्हणजे ती लढाई आपल्या घरापर्यंत आलेलीच होती.

नंतर काराबिनिएरींची माफियाशी झुंज, १९६९ पासून चोरीला गेलेली चित्रं-मूर्ती शोधायचं खास पथक, बरंच काही आहे. पण नेपल्सला कोणी जाणार असाल तर सांता क्यारा चर्चमध्ये साल्वोची समाधी आहे, तिथे नक्की जाऊन या.