नव्वद पडले, मग अडलं कुठे?

(दृश्य : देवगड तालुका, एप्रिलची अखेर. आंब्याची खोली, जमिनीवर गवत.)

उतरवलेला हापूस गवतावर पसरायचा, डागी फळ बाजूला काढायचं आणि आकार बघून पेट्या भरायच्या. मोठं फळ चार डझनाच्या पेटीत, त्याहून लहान पाच-सहा डझनाच्या. याच खोलीच्या कोपऱ्यात एक मुलगी भौतिकशास्त्राचं पुस्तक घेऊन बसली आहे. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठीची राज्याची परीक्षा, सीईटी, आठवड्यावर आलीय. वडिलांची हाक आली की ती उठते, दोन पेट्या बांधते आणि परत पुस्तकाकडे येते. कोकणात आंबा आणि सीईटी एकाच हंगामात येतात. पुण्या-मुंबईच्या क्लासमधल्या मुलाला ही ओढाताण ठाऊक नसते.

(दृश्य : शाळेच्या फळ्यावर खडूने लिहिलेली निकालाची टक्केवारी.)

बारावीच्या निकालात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाचं कोकण मंडळ वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं. त्याचा आम्हां सगळ्यांना अभिमान आहे, आणि तो असावाच. पण म्हणूनच आपल्या घरांत निकाल वाचायची एकच सवय पक्की झाली आहे : शंभरातले किती पडले?

(दृश्य : जून. पाऊस लागलेला. पडवीत रिकाम्या पेट्यांची चळत.)

सीईटीचा निकाल लागला. मुलीला ९० पर्सेंटाइल. हवं ते कॉलेज मात्र मिळेलसं दिसत नाही. वडील विचारतात, "बाय, नव्वद पडले मां? मगे अडलां खंय?"

हा प्रश्न मी या किनाऱ्यावर अनेक घरांत ऐकला आहे, आणि विचारणाऱ्याची त्यात काहीच चूक नाही. त्याला कुणी समजावूनच सांगितलेलं नसतं.

तर समजून घेऊ. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. तो रांगेतला नंबर आहे. समजा, तिच्या सत्राला २०,००० मुलं बसली आणि त्यांतल्या १८,००० जणांना तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी गुण पडले. मग तिचा पर्सेंटाइल ९०. पेपरातले २०० पैकी किती मिळाले, ते या आकड्यात कुठेच दिसत नाही. दिसतं ते एवढंच की दर दहांतला एक जण तिच्या पुढे आहे. राज्यभरातून तीन लाख मुलं बसली असतील, तर पुढची रांग झाली सुमारे तीस हजारांची. आता त्या नव्वदाचं वजन कळतं.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण परीक्षा संगणकावर, अनेक दिवस, सकाळ-दुपारच्या सत्रांत चालते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. एखादा अवघड निघतो, एखादा सोपा. कमी पावसाच्या कातळावरच्या बागेतलं फळ आणि पाणी मिळालेल्या बागेतलं फळ एकाच काट्यावर टाकलं तर न्याय होत नाही. आपापल्या बागेत ते फळ कितव्या जागी बसतं, हे बघितलं तर होतो. म्हणून प्रत्येकाची तुलना त्याच्याच सत्रातल्या मुलांशी करतात, आणि जवळजवळचे नंबर वेगळे ओळखता यावेत म्हणून दशांश चिन्हापुढे बरीच घरं देतात.

इंजिनिअरिंगसाठी बारावीचे गुण पात्रतेपुरते लागतात : भौतिक, रसायन, गणित मिळून खुल्या वर्गाला ४५ टक्के, राखीव वर्गाला ४०. सीईटीतून होणाऱ्या प्रवेशाची गुणवत्ता यादी पर्सेंटाइलवर लागते.

(दृश्य : संगणकाचा पडदा, कोपऱ्यात उलटी धावणारी वेळ.)

आता पेपर. आधी भौतिक आणि रसायन, १०० प्रश्न, ९० मिनिटं. एका प्रश्नाला ५४ सेकंद. हा भाग बंद झाला की मगच गणित उघडतं : ५० प्रश्न, पुन्हा ९० मिनिटं, प्रत्येकी दोन गुण. म्हणजे निम्मे गुण एकट्या गणिताचे, आणि गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला ही भाषा अंगवळणी पाडायला दोनच वर्षं मिळतात. मला ती कमी वाटतात. अकरावीच्या पहिल्या महिन्यापासून गणिताचे शब्द इंग्रजीत घोटून घेतले पाहिजेत. अकरावी सोडून देणंही महागात पडतं, कारण साधारण २० टक्के प्रश्न तिथूनच येतात.

आणि एक गोष्ट मला फार टोचते. चुकीच्या उत्तराला सीईटीत गुण कापत नाहीत. तरी मुलं प्रश्न कोरे सोडून येतात! ही भीती नीटमधून, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेतून, आलेली असते. तिथे बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा, म्हणून हात आखडावा लागतो. सीईटीत एकही प्रश्न कोरा सोडू नका. शेवटची दोन मिनिटं त्यासाठीच राखून ठेवा.

(दृश्य : शिरगाव, दापोली, लोणेरे, ओरोस.)

कुठल्या दाराला कुठली किल्ली, तेही सांगतो. ओरोस आणि रत्नागिरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना नीट. दापोलीची कृषी पदवी, रत्नागिरीजवळच्या शिरगावची मत्स्य पदवी यांना सीईटी. लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात इंजिनिअरिंगलाही सीईटी चालते. एनआयटी, म्हणजे केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्थांसाठी, जेईई मेन ही देशपातळीवरची परीक्षा, जी जानेवारी आणि एप्रिल अशी दोनदा देता येते. मासेमारी घरात असताना शिरगावचं नाव न ऐकलेली बारावीची मुलं मला बंदरावर भेटली, याचं वाईट वाटतं.

(दृश्य : जुलै. बाजारपेठेतलं सायबर, बाहेर धो-धो पाऊस. वडील आणि मुलगी पडद्यासमोर.)

विकल्प अर्ज भरायचा आहे. कॉलेजांचा क्रम ठरतो आहे, आणि तो मनापासून हवा तसाच लावायचा, कारण प्रवेशाच्या पहिल्या फेरीत पहिलाच विकल्प मिळाला तर तो घ्यावा लागतो. बाजूला गेल्या वर्षीच्या कटऑफची, म्हणजे कुठल्या कॉलेजात शेवटचा प्रवेश किती पर्सेंटाइलला झाला त्याची, यादी उघडी आहे. वडील चष्मा पुसतात, यादीवर बोट ठेवतात.

"बाय, ह्या कॉलेजाक तुझ्या फुडे किती असत?"