घाटाआधीचे बारा आठवडे

[खडकवासला धरणाची भिंत. अंधार. सायकलींचे लाल दिवे एका ओळीत.]

पहाटेचे पाच. गणपती गेले, पाऊस ओसरत आलाय, आणि पानशेतच्या रस्त्यावर हे लाल दिवे पुन्हा दिसू लागलेत.

आपल्याकडे रोड रेसचा हंगाम थंडीचा. जूनपासून सायकल एक तर घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, नाहीतर भिंतीला टेकलेली. त्यामुळे जानेवारीत घाट चढायचा असेल, तर त्याची पायाभरणी इथं होते, नवरात्राच्या आसपास.

[दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल ओळीला मागं टाकते.]

यांचा वेग बघा. ताशी पंचवीसच्या आत. दूधवाला पुढे गेला, पण कुणी त्याच्या मागे लागलं नाही. पुढचे दोघं बोलतायत, तेही सलग, पूर्ण वाक्यांत. या गटाची मोजपट्टी हीच. शब्द तुटायला लागले की गिअर हलका करायचा.

अशा संथ तासांत पायाच्या स्नायूंमधल्या केशवाहिन्या वाढतात. पेशींना ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया वाढतात. शरीर चरबीवर जास्त वेळ चालायला शिकतं आणि स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, शेवटच्या चढासाठी राखून ठेवतं. याला आठवडे लागतात. हौशी रायडर घाई करतो तो इथंच. सोप्या दिवशी कुणाशी तरी चढाओढ लावतो आणि खऱ्या जोराच्या दिवशी त्याचे पाय रिकामे असतात. आम्ही पाहिलेल्या कितीतरी मेहनती पोरांचा हंगाम असा डिसेंबरातच संपलाय.

[वहीचं पान. घामानं पसरलेली शाई.]

ही वही चाकणच्या कारखान्यात तीन पाळ्यांत काम करणाऱ्या एका तरुणाची. आठवड्याचे तास बघा: सहा, सात, आठ, आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा पाच. शरीर सुधारतं ते विश्रांतीत, म्हणून चौथा आठवडा हलका.

सरावाचे असे टप्पे पाडायची पद्धत सोव्हिएत क्रीडाशास्त्रज्ञ लेव्ह मत्वेयेव्ह यांनी 1960च्या दशकात सविस्तर मांडली. सुरुवातीला भरपूर आणि सौम्य, मग स्पर्धा जवळ येईल तसं थोडं आणि तीव्र. समासातले 11, 12, 13 हे आकडे स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांचे. त्यांनी माणसाला स्वतःला जाणवणाऱ्या श्रमांना 6 ते 20 अशी पट्टी दिली. आकड्याला दहानं गुणलं की साधारण हृदयाचे मिनिटाचे ठोके मिळतात; निवांत असताना ते साठेक, म्हणून सुरुवात सहापासून. पुढे 1980च्या दशकात जर्मन अभियंते उलरिख शोबरर यांनी सायकलच्या क्रँकमध्येच, म्हणजे पेडल फिरवणाऱ्या दांड्यातच, ताकद मोजायची सोय केली आणि वॅटची भाषा आली. पॉवर मीटर आज पुण्यात मिळतो, पण अनेकांना तो सायकलीइतकाच महाग पडतो. या मुलाकडे तो नाही. बॉलपेन आहे, आणि सहा आठवडे त्याचं कुठंही अडलेलं नाही.

[सिंहगडाचा रस्ता. धुकं. घामाचे थेंब हँडलवर.]

सातवा आठवडा. गोळेवाडीपासून गडाच्या वाहनतळापर्यंत आठ-नऊ किलोमीटरचा चढ. आता गप्पा बंद.

या ताई 42 वर्षांच्या, बँकेत नोकरीला. आज त्यांची वीस मिनिटांची चाचणी. वॅट मोजणारे या वीस मिनिटांच्या सरासरीतून पाच टक्के वजा करतात आणि त्या आकड्यावर पुढचा सराव बेततात. ताईंकडे मनगटावरचं घड्याळ आहे आणि खिशात खडू.

[श्वासाचा आवाज. घड्याळाचा गजर. सायकल थांबते.]

कठड्याच्या दगडावर ही आजची खूण. खालची फिकी खूण महिन्यापूर्वीची.

[ताई दोन खुणांमधलं अंतर पावलांनी मोजतात.]

सत्तर पावलं.

[गडावर. चूल, पिठलं, भाकरी, मडक्यातलं दही.]

खाण्याचाही सराव असतो. लांबच्या राइडमध्ये तासाला साठ ग्रॅमपर्यंत कर्बोदकं पोटाला पेलावी लागतात. मध्यम आकाराच्या केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात, म्हणजे दोन केळी आणि वर चिक्कीचा तुकडा. घाटात हे पचवायची सवय आधी लावावी लागते. पिठलं-भाकरी मात्र उतरायच्या आधीची, गडावर आल्याची.

पुढचे पाच आठवडे याच रस्त्यावर: जोराचे आठ-आठ मिनिटांचे चार तुकडे, मध्ये सावकाश उतार, आठवड्यातून दोनदाच. उरलेले दिवस धरणाच्या काठानं, गप्पा मारत. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. तो किताब कानावर घेत वाढलेल्या या माणसांना हळू चालवायला शिकणं सगळ्यात जड गेलं.

शर्यत जानेवारीत झाली. गेल्या वर्षी चढाच्या मध्यावर मागे पडलेला हा मुलगा यंदा माथ्यापर्यंत पुढच्या घोळक्यात टिकला. ताईंनी शर्यत पूर्ण केली.

[पहाट. पानशेत रस्ता. एकच लाल दिवा.]

हा त्यानंतरचा सोमवार. वहीत एवढंच लिहिलंय: 9. पाऊण तास.