ट्रॉलीचं चाक उतरवताना

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

उसाचा हंगाम तोंडावर आला की पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॉल्यांची चाकं उतरवून बेअरिंग धुतली जातात. ग्रीस भरणं सगळ्यांना येतं. घात होतो तो चाक उचलताना.

ट्रॉली रिकामी असल्याशिवाय जॅक लावू नका. १० टन ऊस भरलेल्या चारचाकी ट्रॉलीत, तिचं स्वतःचं वजन धरून, एकेका चाकावर सरासरी ३ टनांच्या वर भार येतो. शिवाय मोळ्या उंच रचलेल्या असतात. एक कोपरा उचलला की सगळा भार पलीकडे कलतो.

आपल्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतो, म्हणून ट्रॅक्टरची पिन काढायची नाही. ट्रॅक्टर गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद आणि चावी काम करणाऱ्याच्याच खिशात. टर्नटेबल (पुढची चाकं वळवणारी फिरती चकती) असेल तर दांडा ट्रॅक्टरच्या सरळ रेषेत हवा. पुढची चाकं वळलेली राहिली तर हौद्याचा आडवा आधार कमी होतो. पलीकडच्या चाकांना पुढून आणि मागून, दोन्हीकडून उटी लावा. गोल दगड घरंगळतो, लाकडी पाचर बरी.

चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा आटा ढिले करून घ्या. अधांतरी चाकाला पाना लावून जोर केला की ट्रॉली जॅकवरून घसरते.

जॅक एक्सलखाली, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) बैठकीजवळ लावा. यू-बोल्टच्या नटावर नको, तिथे डोकं निसटतं. एक्सलच्या मधोमधही नको, गाडी डुलते. चासीला लावलात तर आधी पाटे सैल होत जातात आणि जॅकची उंची संपली तरी चाक जमिनीवरच. परदेशातल्या कॅरव्हॅनचा एक्सल पोकळ नळीचा असतो, तो वाकू नये म्हणून तिथे चासीला जॅक लावतात. मोबाइलवर ते पाहून आपल्या भरीव एक्सलच्या ट्रॉलीला तसं करू नका.

जॅकखाली दोन इंच जाडीची, फूटभर लांब-रुंद फळी हवी. काळ्या मातीत जॅक तिरपा रुततो. वीट तर अजिबात नको. ती आधी न सांगता फुटते.

टायर जमिनीपासून दोन बोटं सुटला की पुरे. लगेच एक्सलखाली लोखंडी घोडी किंवा आडवेउभे रचलेले लाकडी ठोकळे सारा आणि वजन त्यावर टेकवा. बाटली जॅक आतल्या तेलावर उभा असतो; सील गळलं की खाली बसतो. उतरवलेलं चाक चासीखाली आडवं सरकवून ठेवा.

बेअरिंग रॉकेलनं धुऊन पूर्ण वाळवा. रोलर निळसर पडले असतील किंवा कपावर (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर) खड्डे दिसले तर बेअरिंग बदला. ऑइल सील आणि स्प्लिट पिन नवीच. हब (चाक बसतं तो मधला भाग) फिरवत मधला नट आवळा, मग पिनचं भोक जुळेल इतका किंचित मागे घ्या. चाक हातानं मोकळं फिरावं, पण हलवलं तर खडखडू नये.

चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमानं लावा आणि शेवटचा जोर चाक जमिनीवर टेकल्यावरच द्या. पहिली खेप टाकून आलात की ते पुन्हा आवळा. तेव्हाच हबजवळ हात नेऊन पाहा. फार तापला असेल तर मधला नट जास्त आवळला गेलाय किंवा ग्रीस कमी पडलंय.