रूनेबर्गचे गीत आणि फिनलंडमधील स्वीडिश

श्रोतेहो, नमस्कार. फिनलंडच्या सुमारे ५६ लाख लोकसंख्येत स्वीडिश मातृभाषा असणारे लोक जेमतेम पाच टक्के, म्हणजे तीन लाखांहूनही थोडे कमी आहेत. तरीही तिथल्या राज्यघटनेने फिनिश आणि स्वीडिश या दोन्ही भाषांना राष्ट्रभाषेचा दर्जा दिला आहे. लोक पाच टक्के आणि दर्जा मात्र बरोबरीचा, एवढे लक्षात असू द्या.

शतकानुशतके स्वीडनच्या राज्यात असलेला हा प्रदेश १८०९ मध्ये रशियाच्या झारकडे गेला, पण न्यायालये, विद्यापीठ आणि कचेऱ्या यांचा कारभार स्वीडिशमध्येच चालू राहिला. आता १३ मे १८४८ या दिवसाकडे या. त्या वर्षी युरोपात ठिकठिकाणी क्रांतीचे वणवे पेटले होते आणि विद्यार्थ्यांचा मेळावा म्हटला की राज्यकर्त्यांच्या पोटात गोळा येत होता. अशा दिवसांत हेलसिंकीच्या विद्यार्थ्यांनी वसंतोत्सवासाठी, आज कुम्पुला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागातले, तेव्हा शहराबाहेर असलेले माळरान गाठले. तिथे कवी फ्रेड्रिक सिग्नेउस यांनी फिनलंडच्या गौरवार्थ भाषण केले, आणि मग एक नवे गाणे झाले. त्याचे शब्द पोर्वो येथे अध्यापन करणारे कवी योहान लुडविग रूनेबर्ग यांचे, तेही स्वीडिशमधले. आणि चाल बांधली होती विद्यापीठाचे संगीतशिक्षक फ्रेड्रिक पासिउस यांनी, जे मूळचे हॅम्बुर्गचे जर्मन. स्वीडिश शब्द, जर्मन संगीतकार, आणि गाणारी मुले फिनलंडची: हेच गाणे पुढे फिनलंडचे राष्ट्रगीत झाले. पुन्हा सांगतो, फिनलंडचे राष्ट्रगीत मुळात स्वीडिशमध्ये लिहिलेले आहे. ते राष्ट्रगीत आहे असे ठरवणारा कायदा आजही नाही. लोकांनी गाता गाता ते आपले मानले. कवी पावो कायांदेर यांनी त्याला फिनिश रूप दिले, आणि आज ते दोन्ही भाषांत गायले जाते. शेजारच्या एस्टोनियाचे राष्ट्रगीतही याच चालीवर आहे.

म्हणूनच स्वीडिशला परकी भाषा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. फिनिशसाठी आयुष्यभर झटलेले योहान विल्हेल्म स्नेलमन स्वतः स्वीडिशमध्ये लिहीत असत, आणि त्यांच्याच खटपटीमुळे झारने १८६३ मध्ये फिनिशला वीस वर्षांच्या आत स्वीडिशच्या बरोबरीने आणण्याचा हुकूम काढला. स्वीडिश बोलणारे सगळे उमराव होते, ही समजूतही खरी नाही, कारण किनारपट्टीवरचे कोळी आणि शेतकरी पिढ्यानपिढ्या हीच भाषा बोलत आले आहेत.

कायद्याचे सूत्र सोपे आहे. ज्या नगरपालिकेत अल्पसंख्य भाषा बोलणारे किमान आठ टक्के किंवा ३,००० असतील, ती द्विभाषिक ठरते. हेलसिंकीतल्या रस्त्याच्या पाटीवर वर फिनिश आणि खाली स्वीडिश नाव असते. जिथे स्वीडिश बोलणारे अधिक आहेत, तिथे हाच क्रम उलटा होतो. ऑलंड बेटांवर तर कारभार केवळ स्वीडिशमध्येच चालतो.

शाळेत फिनिश बोलणाऱ्या मुलांना स्वीडिश सक्तीने शिकावी लागते, आणि त्यावर तिथे वर्षानुवर्षे वाद चालू आहे. माझे मत असे की परीक्षेपुरती शिकलेली भाषा परीक्षेबरोबरच विसरली जाते. ती रोज कानावर पडावी लागते. रेडिओचे मोल मी म्हणूनच फार मानतो. फिनलंडच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या स्वीडिशसाठी दोन वेगळ्या रेडिओ वाहिन्या आहेत, आणि लहान भाषेसाठी याहून भरीव काम मला दुसरे दिसत नाही.

पश्चिम किनाऱ्यावरचे नेर्पेस हे टोमॅटोच्या काचघरांसाठी नावाजलेले गाव आहे. तिथे व्हिएतनाम आणि बोस्निया इथून आलेली माणसे काम करतात, आणि गावात मिसळण्यासाठी ती शिकतात ती भाषा स्वीडिश. नमस्कार.