पाच वाक्यांचे पत्र आणि ६०८ उल्लेख

जानेवारी १९८० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात संपादकांच्या नावे लिहिलेले एक पत्र छापून आले. पत्र अवघ्या पाच वाक्यांचे होते. रुग्णालयात असताना अफूवर्गीय औषध किमान एकदा मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, पूर्वी व्यसन नसलेल्या केवळ चौघांना व्यसन जडल्याची बऱ्यापैकी भक्कम नोंद सापडली, असे त्यात म्हटले होते. औषध किती दिवस दिले, किती मात्रेत दिले, घरी गेल्यावर त्या रुग्णांचे काय झाले, याविषयी पत्रात अक्षरही नव्हते.

२०१७ मध्ये कॅनडातील संशोधकांनी या पत्राचा संदर्भ घेणारे लेखन शोधून काढले, तेव्हा त्यांना ६०८ उल्लेख मिळाले. त्यांतील सुमारे ७२ टक्के लेखनात अफूवर्गीय औषधांचे व्यसन क्वचितच जडते, याचा पुरावा म्हणून हे पत्र पुढे केलेले होते. हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते, ही साधी गोष्ट सुमारे ८१ टक्के लेखनात सांगितलेलीच नव्हती. अमेरिकेत ही औषधे दीर्घकाळच्या दुखण्यांसाठी सढळ हाताने लिहून दिली जाऊ लागली, त्या काळात या पत्राचा आधार वारंवार घेतला गेला. पत्राचा प्रभाव पडला, यात शंका नाही. फक्त तो कसला होता, हे ६०८ या आकड्यातून कळत नाही.

एका शोधनिबंधाच्या संदर्भसूचीत दुसऱ्याची नोंद होणे, याला सायटेशन म्हणतात. या नोंदी उलट्या दिशेने लावून, म्हणजे जुन्या निबंधाखाली त्याचा उल्लेख करणारे नवे निबंध मांडून, सूची तयार करता येईल, ही कल्पना यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडली. अमेरिकेतील वकील १८७३ पासून वापरत असलेली न्यायनिवाड्यांची सूची त्यांच्यापुढे नमुना म्हणून होती. त्या सूचीत जुना निवाडा पुढे कोणत्या खटल्यात आला, एवढेच नव्हे, तर तो तेथे कायम झाला, फिरवला गेला की त्यावर टीका झाली, हेही खुणांनी दाखवलेले असे. सदोष किंवा कालबाह्य माहिती डोळे झाकून उद्धृत केली जाऊ नये, हा गारफिल्ड यांचाही एक हेतू होता. १९६० च्या दशकात त्यांची विज्ञान-सूची प्रत्यक्षात आली. पुढे मात्र मोजणी राहिली आणि वकिलांच्या त्या खुणा मागे पडल्या. माझ्या मते या क्षेत्रातील बहुतेक घोळाचे मूळ तेथेच आहे.

आज संशोधकाच्या ऑनलाइन प्रोफाइलवर सर्वांत आधी नजर जाते ती एच-इंडेक्सवर. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो २००५ मध्ये सुचवला. समजा, एका डॉक्टरांचे पाच निबंध आहेत आणि त्यांना अनुक्रमे ४०, २२, ९, ४ आणि १ उल्लेख मिळाले आहेत. किमान चार उल्लेख मिळालेले निबंध चार आहेत; म्हणून त्यांचा एच-इंडेक्स ४. पहिल्या निबंधाचे उल्लेख उद्या ४० वरून ३,००० वर गेले, तरी हा आकडा जागचा हलत नाही. संशोधकाने काम थांबवले, तरी तो खाली येत नाही. हृदयरोगावर लिहिणाऱ्यांची संख्या मोठी, म्हणून तेथे उल्लेखही भरपूर. दुर्मीळ आजारावर आयुष्य घालवणाऱ्याचे वाचकच मोजके. ही तफावत भरून काढण्यासाठी त्या-त्या विषयातील सरासरीशी तुलना करणारे निर्देशांक निघाले आहेत आणि ते नुसत्या बेरजेपेक्षा निश्चितच बरे आहेत. तरीही पद्धत सांगणाऱ्या निबंधांचे पारडे जडच राहते: प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची रीत सांगणाऱ्या, ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांच्या १९५१ च्या निबंधाला तीन लाखांहून अधिक उल्लेख मिळाले आहेत.

सहलेखनाचे जाळे काढले, की वेगळेच चित्र समोर येते. येथे प्रत्येक ठिपका म्हणजे एक संशोधक आणि दोन ठिपक्यांमधील रेघ म्हणजे दोघांनी मिळून लिहिलेला निबंध. मार्क न्यूमन यांनी १९९५ ते १९९९ या पाच वर्षांतील वैद्यकीय व जैविक निबंधांचे असे जाळे तपासले, तेव्हा त्यात पंधरा लाखांहून अधिक लेखक होते. प्रत्येकाचे सरासरी १८ सहलेखक होते आणि कोणत्याही दोघांमधील अंतर सरासरी पाच पावलांहूनही कमी होते. त्याहून बोलकी गोष्ट अशी, की एकाच व्यक्तीच्या दोन सहलेखकांनी परस्परांबरोबर लिहिलेले असण्याचे प्रमाण भौतिकशास्त्रातील जाळ्यांच्या तुलनेत येथे फारच कमी निघाले. प्रयोगशाळेचा प्रमुख मध्यभागी आणि त्याच्याभोवती एकामागून एक येऊन गेलेले, एकमेकांना कदाचित कधी न भेटलेले विद्यार्थी, अशी रचना डोळ्यांपुढे आणली, की याचा अर्थ लागतो. अशा जाळ्यात सर्वाधिक रेघा असलेला ठिपका आणि दोन वेगळ्या समूहांना जोडणारा एकुलता ठिपका, यांत दुसऱ्याचे काम अनेकदा मोलाचे असते. तो नाहीसा झाला, तर शल्यचिकित्सक आणि संख्याशास्त्रज्ञ यांचे बोलणेच तुटते.

रेघ असली, म्हणजे हातभार लागला, असे मात्र नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कोविड आणि शस्त्रक्रियेविषयीच्या एका निबंधाच्या लेखकांची संख्या १५,०२५ होती. अनेक देशांतील रुग्णालयांतून रुग्णांच्या नोंदी जमवायच्या, तर इतकी माणसे लागतात, हे खरेच; पण उल्लेखाचे पूर्ण श्रेय प्रत्येकाला द्यायचे की त्याचे १५,०२५ वाटे करायचे, यावर दोन माणसांचे आकडे जमीन-अस्मानाइतके बदलतात. वैद्यकीय नियतकालिके म्हणून हल्ली आराखडा कोणी केला, विश्लेषण कोणाचे आणि लेखन कोणाचे, हे निबंधाच्या अखेरीस छापून घेतात. निवड समितीने एच-इंडेक्सआधी तो परिच्छेद वाचायला हवा.

त्या पाच वाक्यांच्या पत्रावर, प्रसिद्धीनंतर ३७ वर्षांनी, नियतकालिकाने वाचकांना सावध करणारी टीप जोडली. ज्या अभ्यासामुळे ही टीप जोडावी लागली, त्याच्या संदर्भसूचीतही ते पत्र आहे. त्यामुळे पत्राच्या उल्लेखांत आणखी एकाची भर पडली.